छबीनाथानं डोंगर हलवला

"आला! आला! डोंगर आला रे!"

अख्खा माळ एकदम उठून उभा राहिला. टेम्पोच्या पाठीला बांधलेल्या मोठ्या टीव्हीवर फोटो उमटला होता. हायवेवर ज्यांचं टायरचं दुकान आहे ते गुंडाप्पा त्या फोटोत माळावरच्या ओट्यावर हात जोडून उभे होते. त्यात काही नवल नव्हतं, कारण आत्ताच तर ते सगळ्यांदेखत तसे उभे राहिले होते. नवल होतं ते त्यांच्या मागं. येडाईचा डोंगर एरवी ह्या माळावरून पार रानांच्या पलीकडं मुठीएवढा दिसतो. फोटोत तोच डोंगर गुंडाप्पांच्या पाठीला पाठ लावून उभा होता आणि देवळाचं शिखर थेट त्यांच्या डोक्यावर आलं होतं. बायांनी कपाळं जमिनीला टेकवली. एका म्हाताऱ्याला रडूच फुटलं. "आई राजा उदो उदो"चा असा काही गजर झाला की बाभळीवरची पाखरं उडाली.

गाव येरमाळ्याच्या जवळचंच. नाव सांगत नाही, लाज वाटायची असेल तर त्या गावानं आपली आपण वाटून घ्यावी.

"बघा रं लेकरांनो, डोळं भरून बघा!" माईकवरून छबीनाथ महाराज गरजले. भगवी कफनी, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ आणि त्या माळेवर लटकणारा, लांबलचक नळकांड्याचा काळा कॅमेरा. "मागच्या खेपेला ह्याच गुंडाप्पाला ह्याच ओट्यावर उभा केलता. तवा आई कुठं गेलती? लांब! पार बोराएवढी! का? वाईट छाया हुती. नेम धरला, सेवा केली, छाया गेली, अन् आज आई चालत आली! मशीन खोटं बोलतं का? मशीनला जात न्हाय, पात न्हाय, ते कुणाचं मिंधं न्हाय! डाक्टर हाडाचा फोटू काढतो, ह्यो छबीनाथ नशिबाचा फोटू काढतो!"

"नशिबाचा फोटो म्हणे. पासपोर्ट साइज मिळतो का विचारा," गर्दीतून एक बाई फणकारल्या.

त्या शारदाबाई. गावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. म्हणजे वेळापत्रकात तरी शिकवायच्या. गणिताच्या सरांचा धडा मागं पडला की चित्रकलेचा तास जायचा, विज्ञानाच्या सरांचा पडला तरी चित्रकलेचाच. त्यावरून मुख्याध्यापकांशी भांडण्यात बाईंची निम्मी नोकरी संपली होती. मूळच्या तुळजापूरच्या, वडील कचेरीत कारकून. घरात देव होते, रोजची पूजा होती, पण वडिलांची शिकवण अशी की कुणी कागद पुढं केला तर सही करायच्या आधी तो उलटून बघायचा. बाई बब्रुवानअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहायच्या आणि आज घरमालकीणबाईंनी, धुरपदाबाईंनी, ओढून आणलं म्हणून माळावर आल्या होत्या. खरं तर ओढलं नसतं तरी त्या आल्याच असत्या, कारण आज ओट्यावर वैष्णवीला उभं करणार होते.

वैष्णवी ही त्या घरची सून, तामलवाडीची पोर. लहानपणापासून तिला फिटचा आजार. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती आणि त्या गोळीवर गाडी सुरळीत चालली होती. लग्न झाल्यापासून एकदाही झटका आला नव्हता. पण "एकही दिवस गोळी चुकवायची नाही" हे डॉक्टरांचं बोलणं धुरपदाबाईंच्या मनाला कुसळासारखं टोचत होतं. जन्मभर सुनेनं गोळ्या खायच्या? हा काय आजार म्हणायचा? खुद्द वैष्णवीलाही त्या गोळीचा कंटाळा आला होता. छबीनाथाला असलीच माणसं हवी असतात.

"काकू, अजून सांगते, घरी चला," शारदाबाई म्हणाल्या.

"बाई, तुमी गप बसा वो. गुंडाप्पांचं बघितलं न्हवं? डोळ्यानं बघितलेलं बी खोटं का?"

आता हा फोटो निघायचा कसा ते नीट ऐका, कारण जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

आपल्याकडं पाय कापलेला फोटो कुणाला चालत नाही. पायातल्या चपलेपासून डोईवरच्या पदरापर्यंत माणूस आख्खा आला पाहिजे, नाहीतर फोटोवाल्याचं काही खरं नाही. छबीनाथानं तोच नियम करून टाकला होता: पाय दिसले पाहिजेत, कारण आई पायाशी येते. ओट्यापासून माळाच्या टोकापर्यंत गर्दीच्या मधून एक मोकळी वाट सोडलेली. गुंडाप्पांच्या वेळी महाराज कॅमेरा छातीशी धरून ओट्यापासून मागं मागं सरकत गेले. पाठ न फिरवता, एकेक पाऊल उलटं टाकत. देवीच्या गाभाऱ्यातून निघताना आपण असंच निघतो, तिला पाठ दाखवत नाही. समोर डोंगरावर आई, म्हणून महाराज उलटे चालतात, हे कुणाला सांगावंही लागलं नाही. "बघितलं का, आईला पाठ दावत न्हाईत," असं म्हणत बाया हात जोडत होत्या. वाटेच्या पार टोकाला, बाभळीपाशी जाऊन महाराजांनी फोटो काढला आणि पळत येऊन टीव्हीवर लावला.

वैष्णवीच्या वेळी महाराज मागं गेले नाहीत. उलट ओट्याला खेटून उभे राहिले, नाक वर करून हुंगल्यासारखं केलं. "वास येतुया. इथनंच बघावं लागंल." नळकांडं काढून त्यांनी एक आखूड भिंग चढवलं, कॅमेरा जरा कलता धरला आणि खटका दाबला.

टीव्हीवर फोटो आला आणि पुढच्या रांगेतल्या बाया मागं सरकल्या.

वैष्णवी एका कोपऱ्यात ढकलल्यासारखी उभी. जमीन तिरकी झालेली. डोक्यावर काळंभोर रिकामं आभाळ. आणि डोंगर? डोंगर बोराएवढा. देऊळ तर शोधावं लागत होतं.

"पळाली!" छबीनाथ किंचाळला. "आई पळाली हिला बघून! जमीन बघा कशी फिरली! काय खाती ही पोरगी? काय खाऊ घालता हिला?"

"डाक्टरची गोळी, म्हाराज," धुरपदाबाई म्हणाल्या.

"गोळी! आगं येडे, गोळी म्हंजी छायेचा खुराक! तू छायेला रोज जेवाय घालतीस! गोळी बंद, छाया उपाशी. टाक धुनीत! अन् ऐका, पुढच्या मंगळवारी आई जवळ आली न्हाय, तर पोरगी माझ्या मठावर आणून सोडायची. छाया कशी काढायची ते म्या बघतो. घरच्यांनी तिकडं फिरकायचं न्हाय."

धुरपदाबाईंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "काकू, खबरदार!" म्हणून शारदाबाई पुढं घुसल्या, पण दोन चेल्यांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. पाकीट टेम्पोपुढच्या जळत्या धुनीत पडलं. वैष्णवीचा नवरा रणधीर चपलेनं माती उकरत उभा होता.

त्या संध्याकाळी बाईंनी घरात उभं भांडण मांडलं.

"अण्णा, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. ही गोळी एकदम बंद केली की आजार पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. माणूस जाऊ शकतो ह्यात!"

बब्रुवानअण्णा तंबाखू मळत होते. माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं. "बाई, तुमचं शिक्षान मोठं हाय, मान्य. पर कुणी नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर म्या बी मानलं नसतं. फोटू हाय तो! फोटू खोटं बोलत न्हाय."

"फोटो बोलतच नाही, अण्णा. बोलतो तो महाराज. आणि तो काय म्हणाला ऐकलंत ना? तरणी पोर मठावर सोडा आणि तिकडं फिरकू नका! हे तुमच्या कानाला कसं गोड लागलं?"

"देवाच्या कामात असलं वाकडं बोलू नये," अण्णा म्हणाले आणि उठून गेले.

बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि सगळ्यांच्या नकळत वैष्णवीच्या हातावर ठेवल्या. पोरीनं त्या परत दिल्या.

"नको, बाई."

"अगं, सासूला कळणार नाही."

"सासूचं न्हाय वो." वैष्णवीचे डोळे भरून आले. "म्या बघितला ना फोटू. आई माझ्यापासनं लांब गेली. तुमी कितीबी सांगा, माझ्या डोळ्यापुढनं ते जात न्हाय. मला भ्या वाटतंय त्या गोळीचं."

सासूशी भांडता येतं, सासऱ्याशी भांडता येतं. ह्या पोरीशी कसं भांडायचं? तिच्या घशात बोट घालून गोळी ढकलायची?

शनिवारी सकाळची शाळा सुटून बाई घरी आल्या तर स्वयंपाकघरात आरडाओरडा. वैष्णवी भाकरी करत होती आणि तव्यापुढंच झटका आला. पोर चुलीवर कोसळली, उजवा हात तापल्या तव्यावर. सासूनं तिला ओढून काढलं होतं, पण तोवर तळवा पार सोलपटला होता. अंग आखडलेलं, तोंडाला फेस, आणि धुरपदाबाई तिच्या नाकाला चप्पल लावत होत्या.

"फेका ती चप्पल!" बाई ओरडल्या. त्यांनी वैष्णवीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी दिली, बाजूचं जळतण पायानं लोटलं. "तोंडात काही घालू नका. पाणी नको, काही नको. थांबू दे."

झटका थांबला. पोर शुद्धीवर आली आणि हाताकडं बघून तिनं हंबरडा फोडला. बाईंनी हात गार पाण्याखाली धरला, मग रणधीरला मोटरसायकल काढायला लावून तालुक्याच्या दवाखान्यात पट्टी करून आणली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या का बंद केल्या म्हणून रणधीरची खरडपट्टी काढली. नव्यानं दिलेल्या गोळ्या घ्यायला वैष्णवी मात्र तयार झाली नाही. परत आल्यावर धुरपदाबाई दारातच म्हणाल्या, "बघा! छाया उपाशी मरतीया, म्हणून खवळली. म्हाराज बोलले तसंच झालं."

शारदाबाईंना त्या क्षणी त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली. बब्रुवानअण्णाही कासावीस झाले होते, पण तोंडातून निघालं ते हेच, "मंगळवार लांब न्हाय आता. म्हाराज बघतील."

रविवारी येरमाळ्याहून येताना बाईंची स्कूटी पंक्चर झाली. ढकलत ढकलत गुंडाप्पांच्या दुकानापाशी आणली. गुंडाप्पा पंक्चर काढायला बसले आणि बाई टायरांच्या चळतीशेजारी उभ्या राहिल्या. समोरच्या भिंतीवर दोन फोटो चौकटीत टांगलेले, दोन्हींना हार. एकात गुंडाप्पांच्या मागं बोराएवढा डोंगर, दुसऱ्यात डोक्यावर आलेला डोंगर.

"आधीचा अन् नंतरचा," गुंडाप्पा अभिमानानं म्हणाले. "मुद्दाम शेजारी लावलाय. गिऱ्हाईक बघतच ऱ्हातंय."

बाईही बघत राहिल्या. पण सगळी गिऱ्हाइकं डोंगराकडं बघायची, महाराजांनी बोट तिकडंच दाखवलं होतं. बाईंचे डोळे ओट्यावर गेले. वर्षानुवर्षं पोरांना खोकं काढायला शिकवलेलं: डोळा खोक्याच्या जवळ असेल तर त्याच्या बाजू मागं झपाट्यानं आवळत जातात आणि वरची फळी रुंद दिसते. डोळा लांब गेला की बाजू जवळजवळ सरळ दिसतात आणि वरच्या फळीची नुसती कड उरते. बोराएवढ्या डोंगराच्या फोटोत ओट्याची वरची बाजू चांगली रुंद दिसत होती आणि कडा मागं आवळत गेल्या होत्या. मोठ्या डोंगराच्या फोटोत त्याच बाजूची बारीक पट्टी झाली होती. गुंडाप्पा दोन्हीकडं तेवढेच उंच, ओटा मात्र निराळा.

"गुंडाप्पा," बाई सावकाश म्हणाल्या, "हा पहिला फोटो काढला तेव्हा महाराज कुठं उभे होते?"

"इथंच की, म्होरं. चार हातांवर. छाया हुंगत हुते."

"आणि दुसरा?"

"तवा आईला पाठ न दावता पार बाभळीपतूर गेलते. का वो?"

"काही नाही. स्कूटी लवकर करा."

घरी आल्या आल्या बाईंनी रणधीरला परसात गाठलं.

"तुझ्या फोनचा झूम कसा आहे?"

"चांगला हाय. पार लांबचं बी दिसतंय."

"छान. मग आता एक सांग. तू वैष्णवीचा नवरा आहेस की पाहुणा?" रणधीरनं फोन खिशात घातला. "बायकोचा हात भाजला, तरी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. परवा तिला त्या टेम्पोत बसवून देणार आहेस का?"

"न्हाय!" तो एकदम ओरडला, आणि मग आवाज खाली आला. "पर बाई, सगळं गाव तिकडं. म्या काय बोलू?"

"बोलू नकोस. माझ्याबरोबर माळावर चल, एक गोष्ट करून बघायचीय."

ते दोघं माळावर गेले आणि तास-दीड तासानं परतले. येताना रणधीरचे कान रागानं लाल झाले होते आणि तो वाटेत दोनदा महाराजांच्या आईवरून बोलला. शिक्षिका असूनही बाईंनी त्याला टोकलं नाही. रात्री त्यांनी वैष्णवीला पुन्हा समजावून बघितलं, पण तिला महाराजांच्या मशीनपुढं दुसरं काही पटेना.

मंगळवारी माळ पुन्हा फुलला. धुरपदाबाईंनी वैष्णवीची कपड्यांची पिशवी भरूनच आणली होती. टेम्पोच्या मागच्या फळीवर दोन चेले तिच्यासाठी जागा करून बसले होते. छबीनाथ माईक फुंकून बघत होता तेवढ्यात शारदाबाई ओट्यावर चढल्या आणि मागून रणधीरनं एक बुजगावणं आणून त्यांच्या शेजारी रोवलं. ज्वारीच्या रानातलं, मडक्याचं तोंड, अण्णांचा फाटका सदरा घातलेलं. लोक हसले.

"ए बाई! काय सोंग लावलंय हे?"

"सोंग नाही महाराज, भक्त आहे," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. वर्गात माईक नसतो, त्यामुळं त्यांना त्याची गरज नव्हती. "ह्याच्यावर छाया आहे की नाही ते बघायचंय. तुम्ही दमला असाल, फोटो रणधीर काढतो."

रणधीर ओट्यासमोर आला. मोबाईल छातीशी धरला आणि मोकळ्या वाटेनं मागं मागं सरकायला लागला. उलटा, एकेक पाऊल. महाराजांचा चेहरा तेवढ्यातच उतरला. बाभळीपाशी रणधीर थांबला, बोटांनी झूम ओढला, फोटो काढला आणि पळत येऊन पहिल्या रांगेतल्या माणसांपुढं मोबाईल धरला.

"आयला!" कुणीतरी म्हणालं. "डोंगर आला की!"

मोबाईल हातोहात फिरला. बुजगावण्याच्या मागं येडाईचा डोंगर उभा, मडक्याच्या बरोबर वर शिखर.

"आई बुजगावण्याला पावली," बाई म्हणाल्या. "ह्यानं कुठला नेम धरला होता, महाराज? किती सेवा केली?"

माळ खदखदून हसला. छबीनाथ तणतणत ओट्यावर चढला आणि बुजगावण्याला लाथ घातली. "आईची थट्टा! जीभ झडंल तुझी, सटवे! वंश बुडंल!"

"माझा वंश माझ्यापाशीच संपतो, तेव्हा ती काळजी सोडा. रणधीर, आता!"

रणधीर आता ओट्यासमोर चारच पावलांवर उभा होता. झूम बंद, मोबाईल जरा तिरका. खट. ह्या वेळी त्यानं मोबाईल थेट बब्रुवानअण्णांच्या हातात दिला. "आण्णा, बघा. पाय बी दिसत्यात म्हाराजाचं."

अण्णांनी बघितलं. छबीनाथ कोपऱ्यात, जमीन कलंडलेली, वर आभाळाचा भला मोठा रिकामा तुकडा आणि मागं बोराएवढा डोंगर.

"म्हंजी..." अण्णा पुटपुटले, "म्हाराजांवर बी छाया?"

"भानामती!" महाराज ओरडला. "ह्या बाईनं मोबाईलमदी भानामती केली! तुळजापूरहून शिकून आलीया!"

"मग तुमचा कॅमेरा द्या," बाईंनी हात पुढं केला. "तो तर कुणाचा मिंधा नाही ना? त्यातून बघू."

छबीनाथानं कॅमेरा पोटाशी धरला. बब्रुवानअण्णा उठले आणि पहिल्यांदाच महाराजांच्या नजरेला नजर देऊन म्हणाले, "द्या की वो म्हाराज. एवढं काय त्यात?"

महाराजानं कॅमेरा दिला नाही. तो टेम्पोकडं सटकला, पण टेम्पोची चावी रणधीरनं आधीच काढून घेतली होती.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "कुणावर भानामती नाही, छाया नाही. माणूस तुमच्या जवळ आहे, डोंगर लांब आहे. तुम्ही माणसापासून मागं गेलात की माणूस झरझर लहान दिसायला लागतो. डोंगर मुळातच इतका लांब की माळभर मागं गेलात तरी त्याच्या आकारात फरक पडत नाही. मग हा झूम करून माणसाला पहिल्याएवढा मोठा करतो, पायापासून डोक्यापर्यंत. माणसाबरोबर डोंगरही मोठा होतो. झाली आई जवळ! आणि ज्याला घाबरवायचं त्याच्या जवळ जायचं. जवळून माणूस मोठाच दिसतो, झूम लागतच नाही, डोंगर बिचारा बारीकच राहतो. वर कॅमेरा तिरका धरला, माणसाला कोपऱ्यात ढकललं, फोटो मुद्दाम काळपट काढून डोक्यावर मोकळं आभाळ ठेवलं, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा आलाच. सरळ उभं, मधोमध, उजेडात ठेवलं की तोच माणूस पुण्यवान! चित्र कसं मांडायचं हे मी तुमच्या पोरांना शिकवते. ह्यानं ते तुमच्या गळ्यावर पाय द्यायला वापरलं. तो मागं चालत गेला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी बघितलं आणि हात जोडलेत. आता खिशातले मोबाईल काढा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. करून बघा."

मग माळावर जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. कुणी बायकोला उभं करून मागं पळतंय, कुणी मेहुण्याला. "आला, आला!" "गेला रे गेला!" गुंडाप्पांनी बुजगावण्याचा फोटो काढला, पुन्हा जवळ येऊन काढला, आणि मग टेम्पोपाशी गडबड ऐकून तिकडं धावले. माणसं चेल्यांच्या अंगावर चालून गेली होती. बाईंनी त्यांना आवरलं. "हात लावू नका. पोलिसांना फोन केलाय, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार रणधीर देणार आहे." पोलीस येईपर्यंत महाराज टेम्पोखाली बसून होता. कफनीच्या आत त्याची जीन पँट दिसत होती.

वैष्णवी मात्र जागची हलली नव्हती. कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन ती सगळं बघत होती. मग ती उठली, रणधीरकडून मोबाईल मागून घेतला आणि सासूला म्हणाली, "तुमी ऱ्हावा उभ्या."

धुरपदाबाई मुकाट ओट्यावर गेल्या. वैष्णवी डाव्या हातानं मोबाईल धरून मागं मागं गेली. फोटो काढला. पुढं आली, काढला. पुन्हा मागं गेली. कुणी तिला घाई केली नाही. शेवटी ती बाईंपाशी येऊन उभी राहिली.

"म्हंजी आई कुठं गेलीच नव्हती?"

"डोंगर कुठं जाणार, पोरी? तो मेला महाराज कॅमेरा घेऊन तुझ्या तोंडाशी आला होता, एवढंच झालं."

वैष्णवी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "गोळी हाय का तुमच्यापाशी?"

बाईंच्या पर्समध्ये पाकीट होतंच. धुरपदाबाई कुणाकडून तरी पाण्याची बाटली घेऊन आल्या. सुनेनं गोळी गिळली तेव्हा त्या तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत होत्या. दोन बोटं पूर्ण सरळ होतील की नाही, हे डॉक्टरीणबाईंना अजून सांगता येत नव्हतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकराच्या हाताचं वाटुळं केलं वो त्या मुडद्यानं."

शारदाबाईंनी क्षणभर विचार केला. गप्प बसता आलं असतं. म्हातारी आधीच मोडली होती.

"त्यानं फोटो काढला, काकू," त्या म्हणाल्या. "गोळ्या धुनीत टाकल्या त्या तुम्ही."

धुरपदाबाई खाली बसल्या. बब्रुवानअण्णा पुढं होऊन म्हणाले, "म्या बी अडवलं न्हाय," आणि रणधीर म्हणाला, "म्या तर तिथंच उभा हुतो." बाईंनी गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

महाराज जामिनावर सुटेल. कफनी बदलेल, नाव बदलेल, दुसरा माळ गाठेल. त्याला धंदा तुम्ही-आम्हीच देतो, म्हणून हे तुम्हाला सांगायचं. कुणी फोटो दाखवून, व्हिडिओ दाखवून चमत्कार सांगायला लागला, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: हा काढताना तू कुठं उभा होतास? आणि कुणी तुमच्या माणसाचं चालू औषध बंद करायला सांगितलं, तर काही विचारतसुद्धा बसू नका. त्याला दारातून हाकला आणि माणसाला वेळेवर गोळी द्या.